दत्तूअण्णांच्या बागेवरची पांढरी जाळी

जाळी बांधणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. द्राक्षबागेवर एकदा जाळी ताणली की तिच्यात काय काय येऊन अडकतं बघा. वाळका पाला, पतंग, कुणाची उडालेली टोपी, आणि एकदा तर लग्नाच्या मांडवातनं उडून आलेली अख्खी पताकांची माळ! किस्से बी तसेच अडकतात. एक सोडवायला जावं तर त्याला दुसरा गुंतलेला. अणदूरच्या हाटेलात बसलो की कुणीतरी म्हणतंच, "बाळूभाऊ, ती दत्तूअण्णांची बाग सांगा की!" मी आधी नको नको म्हणतो. नको म्हटल्याशिवाय दुसरा चहा येत नाही!

*

तर दत्तूअण्णा. अणदूरच्या शिवारात त्यांची थॉम्सन द्राक्षांची बाग. माणूस कष्टाळू, मनानं सरळ, पण तोंड उघडलं की समोरच्याला बोचणारच. त्यांच्या बागेवर ओळीनं दोन हंगाम गारपीट झाली होती. तोडणीला आलेले घड असे फुटले, की बागेत शिरलं तर चपला रसानं भुईला चिकटायच्या.

म्हणून ह्या खेपेला ऑक्टोबरची छाटणी झाली तेव्हाच अण्णांनी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून आणला. शालनकाकींना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, स्पष्ट सांगितलं, "एवढाच हंगाम. ह्याबी साली गेलं तर समद्या येली तोडायच्या अन् सोयाबीन पेरायचं. मला परत त्यो चिखल बघायचा न्हाय."

त्या बागेतली एकेक काडी काकींनी स्वतःच्या हातानं लावलेली. पहिला घड कोणत्या वेलीला आला होता ते अजून बोट दाखवून सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप मला फोन केला.

मी गेलो. अण्णा बाजेवर बसलेले. मी आपलं सगळं समजावलं, की वर पांढरी जाळी, बाजूनं पडदे, गारा वरच्या वर राहतील, पाखरं बाहेरच्या बाहेर, आणि ऊन बी गाळून येईल.

"म्हंजी आभाळाला चाळण लावतूस म्हन की!"

"तसंच समजा, अण्णा."

"अन् गोडी? उनाबिगर द्राक्षात साखर कुठनं येणार? तुझ्या खिशातनं?"

मला राग आला, पण प्रश्न काही खोटा नव्हता. सावलीत साखर उशिरा उतरते, हे जाळी विकणारा सोडून बाकी सगळे सांगतात. तेवढ्यात काकी आतनं म्हणाल्या, "एक साल बघू की, अहो. तोडायला काय, कवाबी तोडता येतंय."

अण्णांनी कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडं बघितलं. मग म्हणाले, "लाव. पण ध्यानात ठेव. द्राक्षं आंबट निघाली तर जाळी तू घिऊन जायचीस, अन् बागंचं माझी कुऱ्हाड बघंल."

आणि वर आणखी एक अट. बांधाकडची एक ओळ जाळीच्या बाहेर ठेवायची! "ती माझी वळ. आभाळाखालची. बघू कोन गोड हुतंय ते."

*

जाळी येते ती गुंडाळ्यांत. दोन पट्ट्या एकमेकींना शिवल्याशिवाय बागेवर पुरत नाहीत. शिवायला आमचे मेहबूबभाई. गावात त्यांचं टेलरिंगचं दुकान, पण हंगामात ते मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून माझ्याबरोबर येतात. शिवण अशी घालतात की दोन्ही बाजूंनी बैल जुंपले तरी उसवायची नाही.

अण्णांच्या खळ्यात जाळी पसरली. मेहबूबभाई मांडी घालून, हातात सुई-दोरा घेऊन कडेची शिवण घालत होते. मशीन तिथं चालत नाही, ते हातानंच करावं लागतं. डोळे सुईवर, तोंडानं माझ्या दोरांत खोट काढणं चालू. शेवटची गाठ मारून त्यांनी ओरडून सांगितलं, "हो गया! खींचो!"

आम्ही तिकडनं दोर ओढले. जाळी सरसर वर चढायला लागली. आणि तिच्यामागं मेहबूबभाई बी पळायला लागले!

"अरे ठैरो! ठैरो रे! मेरी लुंगी!"

जाळीच्या कडेबरोबर लुंगीचा पदर बी शिवला होता! आणि शिवण मेहबूबभाईंची. उसवते कशाला!

अण्णा बाजेवर बसून सगळं बघत होते. दोन वर्षांत त्या माणसाला कुणी हसताना बघितलं नव्हतं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "शिवण पक्की हाय बाबा. गारांचा बापबी फाडू शकत न्हाय!"

लुंगीचा तो तुकडा शेवटी कापूनच काढावा लागला. मेहबूबभाई अजून भरपाई मागतात.

*

जाळी चढली ते दिवस मार्गशीर्षाचे. अणदूरला खंडोबाचं ठाणं, त्यामुळं आमच्याकडं नवी मोटार घ्या नाहीतर नवी म्हैस घ्या, भंडारा उधळल्याशिवाय काम सुरू होत नाही. काकींनी खोबरं-भंडाऱ्याचं ताट आणलं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणून मूठमूठ भंडारा जाळीवर उधळला. अण्णांचा जाळीवर विश्वास नव्हता, पण देवावर होता. त्यांनी तर अख्खं ताटच वर भिरकावलं!

रात्रीतनं दव पडलं. भंडारा भिजला, जाळीतनं खाली ठिबकला आणि हिरव्याकंच बारक्या मण्यांवर पिवळे डाग!

नेमका त्याच सकाळी व्यापाऱ्याचा माल तपासणारा माणूस आला. तरणा, पायात बूट, गळ्यात भिंग. आम्ही त्याला नुसतं साहेब म्हणायचो. एका घडाला त्यानं भिंग लावलं आणि त्याचा चेहराच उतरला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. फोटो काढून वरच्या साहेबाला पाठवले. म्हणाला, "असा डाग मी कधीच पाहिला नाही. रोग नवीन दिसतोय. किंवा तुम्ही गंधक जास्त मारलंय."

माझ्या डोक्यातनं भंडारा पार गेला होता! जाळीनं आल्याआल्या रोग आणला म्हणून अण्णा आजच कुऱ्हाड काढतात, असंच मला वाटलं.

काकी पदराला हात पुसत आल्या. डाग बघितला. म्हणाल्या, "चाटून बघा, साहेब."

साहेब बिचारा! बोट लावलं, जिभेला टेकवलं, आणि जागच्या जागी उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वरचा साहेब ओरडत होता, तो आम्हाला सुद्धा ऐकू येत होता. हा शांतपणे म्हणाला, "नाही सर, काळजी नको. डाग रोगाचा नाही. देवाचा आहे."

*

पाखरांचं तर विचारूच नका. जाळी नव्हती तेव्हा अण्णांचा जन्म पाखरं हाकलण्यात गेला. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी पिकायला लागले की राघू आणि साळुंक्या उजाडायच्या आत हजर. एक राघू एका घडातला एकच मणी फोडतो, पण मग त्या मण्याचा रस गळून सगळा घड नासतो. म्हणून अण्णा पत्र्याचा डबा बडवत ओळीओळीनं पळायचे. त्यांच्या शिव्या ऐकून अर्ध्या शिवाराला जाग यायची.

जाळी लागली आणि राघूंचा थवा आला तसा वरच उतरला. मी तिथंच होतो. हिरवीगार पाखरं पांढऱ्या जाळीवर चालत होती, मान वाकडी करून खाली बघत होती. खाली घड लटकलेले, आणि चोच पोचत नाही! एक राघू तर जाळीत पाय रोवून आम्हालाच ओरडायला लागला.

अण्णा खाली उभे. हातात डबा. सवयीनं बडवतच होते.

काकी म्हणाल्या, "अहो, आता कुणाला हाकलताय?"

अण्णांचा हात थांबला. डब्याकडं बघितलं, वर बघितलं. म्हणाले, "मग आता सकाळच्या पारी म्या करू काय?"

*

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. त्या बागेत शिरताना माणसं चपला काढायला लागली!

कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मेहबूबभाईंनी काढल्या. भर दुपारी, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि जाळीखाली पाऊल टाकलं की उजेड एकदम मऊ. पान पानाच्या जागी दिसतं, सावली कुठं पडलेलीच नाही. सगळीकडं सारखा, दुधासारखा उजेड. घड नुसते लटकलेले, एका मण्याला उन्हाचा चट्टा नाही की वाऱ्याचं खरचटणं नाही. मेहबूबभाई आत शिरून थबकले, मग हळूच मागं गेले आणि दारात चपला काढून आले.

मी म्हटलं, "काय हो भाई, दर्गा हाय का ह्यो?"

ते म्हणाले, "मालूम नहीं. पाँवच मान नई रहे."

मग बघायला येणारा जो तो तसंच करायला लागला. मी आयुष्यात किती बागांवर जाळ्या बांधल्या, कुठं असं झालं नाही. माझ्या बी चपला बाहेरच राहायला लागल्या. अण्णा तेवढे चपला घालून हिंडायचे. "बाग माझी हाय, मी कशाला काढू?"

*

पण गोडी! खरा जीव अडकला होता तो गोडीत.

माघ सरत आला. बांधाकडची अण्णांची उघडी ओळ पिवळसर पडली, मणी साखरेनं भरले. राघूंनी त्यातलं अर्धं खाल्लं, राहिलेल्यावर उन्हाचे तपकिरी डाग, पण गोड म्हणजे गोड! आणि जाळीखालचे घड? मोठे, हिरवेगार, एकसारखे, दाताखाली कुरकुरीत. पण आंबट.

साहेब गोडी मोजायची नळी घेऊन आला. मणी पिळून थेंब टाकला, उजेडाकडं धरून बघितलं. म्हणाला, "अजून थांबा."

पुन्हा आला. "अजून थोडं थांबा."

अण्णा रोज सकाळी एक मणी तोंडात टाकायचे, थुंकायचे आणि माझ्याकडं बघायचे. बोलत काही नव्हते. अण्णा बोलले नाहीत म्हणजे मामला लई वाईट. आणि थांबणं म्हणजे काय सोपं होतं का? दुपारी ढग जमायचे दिवस ते. काकींनी जेवण अर्ध्यावर आणलं होतं. मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळू, खरं सांग. उतरंल का गोडी?"

मी म्हटलं, "उतरंल, काकी. उशिरा उतरंल पण उतरंल." आणि खरं सांगतो, मला स्वतःलाच खात्री नव्हती.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी मी तिथं असताना, जेवण झाल्यावर काकींनी दोन ताटल्या आणून अण्णांच्या पुढं ठेवल्या. दोन्हींत सुटे मणी, डाग नसलेले, निवडून धुतलेले. "कंची बाहेरची, कंची जाळीतली, वळखा."

अण्णांनी पहिल्या ताटलीतले दोन खाल्ले. तोंड वाकडं केलं. "सालपट जाड. ही तुज्या जाळीची." दुसऱ्या ताटलीतला एक खाल्ला. मग आणखी एक. मग मूठभर. "हां! ही उन्हातली. कशी फुटतीया बघ दाताखाली! पातळ सालपट, पानीदार, अन् गोडी कशी मागनं येतीया सावकाश! ह्येला म्हनत्यात द्राक्ष. आभाळाखालचं द्राक्ष!" ताटली चाटूनपुसून साफ केली.

काकी म्हणाल्या, "ही जाळीतली."

अण्णा रिकाम्या ताटलीकडं बघत राहिले. मग एकदम काकींवरच ओरडले, "मग आदी सांगायचं न्हाय का? जरा सावकाश खाल्ली असती की!"

साहेब संध्याकाळी आला, नळी उजेडाला धरली आणि हसला. उद्या सकाळी तोडणी ठरली.

*

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीवाल्यांची गाडीच आली नाही. वाटेत बंद पडली होती. "दुपारपतुर येतो," म्हणून फोन आला. दुपारी गाडीच्या आधी आभाळ आलं.

पश्चिमेकडनं असं काळं उठलं की भर दुपारी दिवे लावावे लागले. मी आणि मेहबूबभाई तारा तपासायला आलोच होतो. वारा सुटला, आणि कोपऱ्यातल्या पडद्याचा दोर तुटून पडदा फडफड उडायला लागला. अण्णा ओरडले, "त्यो पडदा बांधा आदी!" मी पळालो. पण हात पोचायच्या आत पहिली गार पडली.

मग काय सांगू! बोराएवढ्या, लिंबाएवढ्या गारा. जाळीवर असा आवाज की शेजारचा माणूस ओरडतोय ते नुसतं तोंड हलताना दिसावं. वर बघितलं तर पांढऱ्या जाळीवर पांढरं ओझं वाढत चाललेलं, जाळी मधनं खाली आलेली. आम्ही चौघांनी बांबू घेतले. खालनं जाळी उचलायची, गारा उताराला ढकलायच्या, की पुढच्या ओळीत जायचं. काकींचा पदर सुटलेला, अण्णांच्या कपाळावरनं पाणी गळतंय. मेहबूबभाई प्रत्येक शिवणीखाली उभं राहून वर बघायचे आणि ओठ हलवत पुढं सरकायचे. पडद्याचा कोपरा तसाच उघडा राहिला. तिकडं जायला कुणालाच उसंत नव्हती.

आणि जशी आली तशी गारपीट थांबली.

कानांत नुसता घुमारा. बाहेर सगळं शिवार पांढरं. बांधाकडच्या अण्णांच्या ओळीला पान राहिलं नव्हतं, नुसत्या काड्या. आणि आमच्या डोक्यावर गारांचं छत! जाळीवर गारा साचलेल्या, त्यांच्यातनं उजेड खाली येत होता. असा उजेड मी पुन्हा बघितला नाही. त्या उजेडात ओळीच्या ओळी घड जसेच्या तसे. वरनं वितळलेलं पाणी थेंब थेंब मण्यांवर पडत होतं. काकींनी एका घडाखाली दोन्ही हात धरले, तोडला नाही, नुसते धरले, आणि रडायला लागल्या.

अण्णा कुठं दिसेनात म्हणून मी बघायला गेलो.

उघड्या राहिलेल्या कोपऱ्यापाशी ते उभे होते. मला बघून तोंडावर बोट ठेवलं. त्यांच्या पुढच्या तारा बघितल्या आणि मी जागेवरच थिजलो.

पाखरं! सगळ्या शिवारातली पाखरं तिथं येऊन बसली होती. राघू, साळुंक्या, चिमण्या, बुलबुल, एक भिजून चिंब झालेला कावळा सुद्धा. तारेवर, वेलीवर, पानाआड, एकमेकांना चिकटून. राघूशेजारी साळुंकी, साळुंकीशेजारी कावळा. चोचीपासून वितभर अंतरावर पिकलेले घड. आणि एक मणी फोडलेला नाही! एक चोच हलत नव्हती. सगळी नुसती बसलेली, अंग फुगवून, आमच्याकडं बघत.

मागनं काकी आल्या, मेहबूबभाई आले. किती वेळ उभे होतो कोण जाणे.

तेवढ्यात अण्णांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी झटकन कानाला लावला. पलीकडं साहेब, जिवाच्या आकांतानं विचारत होता, "अण्णा, माल राहिला का? राहिला का काही?"

"समदा राहिलाय," अण्णा कुजबुजले. "हळू बोला, साहेब. पाव्हणे बसल्यात."

फोन खिशात ठेवला. मला हाताला धरून ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि तिथं सुद्धा दबक्या आवाजातच म्हणाले, "बाळू, पुढच्या छाटणीला जाळी लावशील तवा त्या कोपऱ्याला एक दार ठेव."

मी विचारलं, "केवढं ठेवू, अण्णा?"

अण्णांनी तिकडं बघितलं.

"त्येंच्या मापाचं."